दोन उजवे मोजे

मिलानच्या चिलखतवाल्यांच्या गल्लीत माणसाचं खरं नाव पाद्री दोनदाच घ्यायचा, एकदा बाप्तिस्म्याला आणि एकदा दफनाला. मधली सगळी वर्षं जो जे घडवेल तेच त्याचं नाव. शिरस्त्राणं ठोकणारा तो ‘टाळकं’. लोखंडी पंजे करणारा ‘बोटं’. छातीचे पत्रे करणारा ‘छाती’, मग तो स्वतः काडीपैलवान का असेना. ताद्योलो हा ‘पाय’. त्याची बायको काराकोसा बाजाराला निघाली की टाळक्याची पोरं ओरडायची, ‘पायाची बायको चालली!’ ती वळून म्हणायची, ‘चालणारच. तुमच्या आईला टाळकं मिळालं, तेही रिकामं.’

पायांचा हा धंदा ताद्योलोच्या घरात तीन पिढ्यांचा. आजा कडीजाळीचे पायमोजे करायचा. बारीक लोखंडी कड्या एकमेकींत ओवलेल्या, पार मांडीपर्यंत. तलवारीची धार त्यावर अडायची. पण सोटा बसला की कड्या शाबूत आणि आतलं हाड दोन जागी. मग बापाने त्या जाळीवर उकळून कडक केलेल्या कातड्याची गुडघ्याची वाटी बांधली आणि पुढे नडगीवर सरळ पत्रा चढवला. आजा खाटेवर पडल्या पडल्या ते बघून म्हणाला होता, ‘भट्टीची नळकांडी घालून माणूस चालतो होय रे?’ आणि चारच दिवसांत मेला. बाप आयुष्यभर म्हणत राहिला की माझ्या नळकांडीनेच म्हातारा गेला.

ताद्योलोने नळकांडं मागूनही बंद केलं. पुढून पत्रा दिसला की पायदळाची माणसं मागून पोटरी कापायला शिकली होती. म्हणून त्याची नडगी, म्हणजे नडगीवरचं चिलखत, दोन शिंपल्यांची होती, पुढचा एक, मागचा एक. बाहेरच्या अंगाला बिजागरी, आतल्या अंगाला बक्कल. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय आत बंद.

ऐकायला सोपं आहे. पण पाय म्हणजे खांब नव्हे. पोटरीची आतली फुगी खाली उतरलेली असते, बाहेरची जरा वर असते. ज्याला हे दिसत नाही त्याने बादल्या कराव्यात. मांडीचा पत्रा आणि गुडघ्याची वाटी कमरेच्या जाड बंडीला नाड्यांनी टांगलेली असतात, त्यांचं ओझं कंबर उचलते. नडगीला मात्र वरून कुणी धरत नाही. ती पोटरीच्या फुगीवर टेकून राहते. फुगीपेक्षा नडगी सैल झाली, की ती सरकते, खालची कड पायाच्या पाठीवर बसते, शंभर पावलांत कातडी जाते आणि दोनशे पावलांत माणूस लंगडतो. ताद्योलोच्या हातची नडगी घालून आजवर कुणी लंगडलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीची त्याला घमेंड होती आणि ती त्याने कधी लपवली नाही.

गिऱ्हाइकं लांबची. ती स्वतः येत नसत, वापरलेले मोजे पाठवत. कापडाचा मोजा वर्षभर पायात राहिला की त्या पायाचाच आकार घेतो. ताद्योलो त्यात कोंडा ठासून भरायचा, तोंड शिवायचा आणि तुळईला टांगायचा. त्याच्या कामाच्या जागी कायम दहाबारा पाय लोंबत असत. नवखा माणूस आत आला की आधी क्रूस करायचा आणि मग नमस्कार.

आणखी एक रीत होती, बापाची. मोजा एकच भरायचा, उजवा. डाव्याचा साचा उजव्याचा उलटा करून काढायचा. ‘देवाने डावा पाय उजव्यावरूनच काढलाय,’ बाप म्हणायचा, ‘तू कशाला वेगळा काढत बसतोस?’

देवाने तसं केलंही असेल. पण देवानंतर माणसांच्या पायांना काय काय होतं, ते बापाने सांगितलं नव्हतं.

कप्तान लांतेल्मोचे मोजे इस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात आले. हा दोनशे घोडेस्वारांचा नायक, भाड्याने लढणारा. यंदा ड्यूकच्या चाकरीत पुन्हा राहायचं तर इस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी वेशीबाहेरच्या मैदानात त्याची हजेरी-पाहणी होती. माणसं, घोडी, हत्यारं, सगळं ड्यूकचा कारभारी डोळ्यांनी बघणार आणि मगच करारावर मोहोर उठणार. यंदा एक गोष्ट जास्तीची होती. गेल्या पावसाळ्यातल्या लढाईत लांतेल्मोच्या पायाला काहीतरी झालं, अशी कुजबूज होती. दुसरा एक कप्तान, ज्याला ती चाकरी स्वतःला हवी होती, ती कुजबूज घरोघर पोचवत होता. म्हणून कारभाऱ्याने हुकूम काढला होता: कप्तानाने पूर्ण चिलखतात मैदानभर पायी चालून दाखवावं, गुडघा टेकावा आणि कुणाच्या आधाराशिवाय घोड्यावर चढावं. घोड्यावर बसलेला माणूस लंगडा आहे की नाही हे घोड्यालासुद्धा कळत नाही.

मोजे घेऊन आला कप्तानाचा नाईक, बोनेत्तो. दाराएवढा माणूस, बोलणं मोजून मापून. ‘लाल दोऱ्याची खूण तो डावा,’ एवढंच म्हणाला.

ताद्योलोने उजवा भरला. डावा खुंटीवर टांगला. सहा आठवडे ठोकठोक केली. मांडीचे पत्रे आणि वाट्या केल्या, आणि जन्मात केल्या नव्हत्या अशा दोन नडग्या केल्या. पोलादाला पाणी दिलं, आरशासारखं घासलं, आणि घोट्याजवळ आपली खूण उठवली, बोटाच्या पेराएवढं पाऊल.

पाहणीच्या सोमवारी सकाळी फक्त अस्तर राहिलं होतं. ते काराकोसाचं काम. ती खिडकीशी बाकावर बसून शिवत होती. ताद्योलो बक्कलांना तेल देत होता.

‘अहो, इकडे या.’

‘हात तेलाने भरलेत.’

‘मग तेलासकट या.’

तो गेला. अस्तर मापाला लावायला म्हणून तिने खुंटीवरचा लाल दोऱ्याचा मोजा काढून त्यात कोंडा भरला होता. तो तिच्या मांडीवर आडवा होता.

‘हा कुठला पाय?’ तिने विचारलं.

‘डावा. खूण दिसत नाही का?’

‘खूण दिसते. मी पाय विचारते.’

ताद्योलोने मोजा उचलला. अंगठा पोटरीवरून फिरवला. आतली फुगी खाली असायला हवी होती. ती बाहेरच्या अंगाला होती. त्याने मोजा उलटा धरला, सुलटा धरला. मग तुळईवरचा उजवा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. टाच तीच. फुगी तीच. अंगठ्यापाशी झिजही त्याच जागी.

‘दोन्ही उजवे,’ तो म्हणाला.

‘मला वाटलं, माझेच डोळे गेले.’

‘चुकून आला असेल.’

‘चुकून आलेल्या मोज्याला लाल दोरा कोण घालतं?’ काराकोसाने दोरा दाताने तोडला. ‘दोन पोरींचा बाप असतो ना, तो बघायला आलेल्यांना चांगलीच दोनदा दाखवतो. दुसरीत खोट असली म्हणजे.’

आता सगळं उजेडात आलं. लांतेल्मोचा डावा पाय गेला होता. तुटला नव्हता, सुकला होता. आणि त्या सुकलेल्या पायासाठी त्याने, ताद्योलोने, भरल्या पोटरीची नडगी केली होती. डावा मोजा एकदा भरून पाहिला असता तर सहा आठवड्यांपूर्वीच कळलं असतं. आता कप्तान ती नडगी घालून मैदानात उतरेल, शंभर पावलं चालेल आणि सगळ्या मिलानसमोर लंगडेल. आणि घोट्यावर खूण असेल पावलाची.

‘पण मिस्त्रीला खरं सांगायला काय झालं होतं त्याला?’

‘तुम्हाला?’ काराकोसा हसली, पण हसण्यात हसू नव्हतं. ‘त्याच्या वैऱ्याचे गुडघे कुणी केले, गेल्या श्रावणात?’

‘श्रावण’ ती म्हणाली नसणार, तिच्या बोलीतला महिना वेगळा होता. पण गुडघे ताद्योलोनेच केले होते हे खरं. ती गल्लीच तशी. दोन्ही बाजूंची चिलखतं एकाच ऐरणीवर. समोरासमोर उभे राहून एकमेकांना मारणारे लोक गल्लीच्या तुळईला शेजारी शेजारी टांगलेले असत. अशा ठिकाणी खरा मोजा पाठवणं म्हणजे ‘मला इथे मारा’ असं लिहून पाठवणंच की.

‘ए पाय!’ कारखान्याचा मालक अरास्मिनो दारातून ओरडला. गोल माणूस, सणाचा लाल अंगरखा घातलेला. ‘आटप. कप्तान निघालाय. मी अंगणात गालिचा टाकलाय. अख्खी गल्ली बघायला येतेय. अंगणातच चढवायच्या नडग्या, सगळ्यांच्या देखत!’

‘मालक, आत चढवल्या तर...’

‘आत? अरे, असलं काम आत दाखवायचं? लग्न काय माळ्यावर लावायचं?’ आणि तो गेलाही.



‘वरच्या कडेला भोकं पाडतो,’ ताद्योलो हळूच म्हणाला. ‘वाटीलाच टांगतो नडगी. म्हणजे सरकणार नाही.’

‘पाणी दिलेल्या पोलादाला भोक?’

‘तडकेल,’ त्याने स्वतःच कबूल केलं. तापवून मऊ केलं तर निळा डाग उठेल, तोही दहा हातांवरून दिसेल. आणि वेळ कुठे होता?

काराकोसा नडगीची वरची कड बघत होती. तिथे अस्तराची कातडी पट्टी बसवायला रिवेटांची भोकं आधीच होती, चार. ‘ही आहेत की,’ ती म्हणाली. ‘दोन रिवेट काढा, त्या जागी जाड डोक्याचे घाला. गुंड्यांसारखे. वाटीच्या खालच्या पत्र्याला माझी कातडी पट्टी आहेच. तिला मी काजं करते.’

‘काजं?’

‘तुमच्या बंडीला आहेत तशी. की ती वाऱ्याने बंद राहते असं वाटतं तुम्हाला?’

ताद्योलोने तिच्याकडे पाहिलं. बाप, आजा, तो, तीन पिढ्या पाय घडवत आल्या, आणि नडगी वाटीला गुंडीने लावावी हे एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. पण कौतुकाला सवड नव्हती. अंगणात घोड्यांच्या टापा वाजल्या.

लांतेल्मो चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. तो घोड्यावरून उतरला ते बोनेत्तोच्या खांद्यावर हात टाकून, जणू दोस्तीने. चालला तोही सावकाश, रुबाबात. सगळ्यांना तो रुबाब वाटला. ताद्योलो फक्त डावा बूट बघत होता. बूट गुडघ्यापर्यंत ताठ होता आणि आतलं काही त्याला भरत नव्हतं.

वाटीखाली उजवी नडगी चढली. बक्कल लागल्याचा आवाज असा आला की ‘छाती’सुद्धा मत्सराने खोकला. अरास्मिनोने हात पसरले. ‘आता डावी!’

ताद्योलो गुडघ्यांवर बसला होता. तो उठला.

‘डावा पाय आत चढवायचा असतो, मालक. बंद दाराआड.’

‘काय?’

‘आमच्या घराची रीत आहे. लोहारांच्या संत अलोची आण आहे. आज्यापासून.’

‘कसली आण? वीस वर्षं तू माझ्याकडे...’

‘तुम्ही छातीवाले, मालक,’ ताद्योलो म्हणाला. ‘पायांचं तुम्हाला काय माहीत?’

गल्ली हसली. लांतेल्मो हसला नाही. तो ताद्योलोकडे बराच वेळ बघत राहिला. कोंबडी घ्यायला आलेला माणूस कोंबडीकडे बघतो तसा. मग म्हणाला, ‘संताला नाराज करू नये. चल, मिस्त्री.’

भट्टीमागच्या खोलीत काराकोसा सुईदोरा घेऊन उभी होती. बोनेत्तो दाराबाहेर राहिला. लांतेल्मोने आतून कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याचा हात कमरेच्या कट्यारीवर होता.

‘आज्याची रीत?’

‘नाही, कप्तान. आज सकाळची.’

‘किती जणांना माहीत आहे?’

‘या खोलीत आहेत तेवढ्यांना.’

‘म्हणजे एक बाई धरून.’ त्याने काराकोसाकडे पाहिलं. ‘एक जीभ जास्तच झाली.’

ताद्योलोला वाटलं, बायको आता काहीतरी बोलणार, नेहमीसारखं, आणि दोघंही इथेच संपणार. काराकोसा बोललीच.

‘जीभ कापायची तर नंतर कापा, कप्तान. आत्ता सुई ओवायला मला दोरा जिभेवर ओला करावा लागतो.’

कट्यारीवरचा हात तसाच राहिला. पण लांतेल्मोच्या नाकातून एक आवाज आला, ज्याला हसू म्हणता आलं असतं.

‘बूट काढा,’ ताद्योलो म्हणाला.

‘लोकर आणलीय मी. आत ठासून भर, झालं.’

‘वेशीपर्यंत पोचेस्तो लोकर घोट्यात जमेल. मग चालताना सगळ्यांना दिसेल की नडगी एकीकडे वळतेय आणि पाय दुसरीकडे. बूट काढा, कप्तान. मला पाय बघू दे.’

लांतेल्मो बाकावर बसला. बूट काढायला त्याला वेळ लागला. आतून निघालेला पाय गुडघ्याखाली मनगटाएवढा होता, मागे एक लांब जांभळी खूण. पोटरी नव्हतीच. ताद्योलोने आयुष्यात शेकडो पाय पाहिले होते, कोंड्याचे. हा पाय थंड होता आणि हात लावताच आखडला. ‘भाला मागून आला,’ लांतेल्मो भिंतीकडे बघत म्हणाला. ‘माझी जुनी नडगी फक्त पुढून होती.’

बाहेर अरास्मिनो कुणालातरी मोठ्याने सांगत होता की संत अलोची ही आण फार जुनी आहे आणि आपल्याला ती पहिल्यापासून माहीत आहे.

काराकोसाने लाल दोऱ्याचा मोजा उसवून कोंडा काढला, कप्तानाची लोकर घेतली आणि तिचे पातळ थर अंथरून मोज्याच्या आत मागच्या बाजूला बारीक टाक्यांनी शिवून टाकले, रजईसारखे, सरकू नयेत म्हणून. फुगी आतल्या अंगाला आली, डाव्या पायाला हवी तशी. ताद्योलोने दोन रिवेट उडवले. त्या जागी जाड डोक्याचे घातले. प्रत्येक घावाला भीती होती की पत्रा तडकेल. चार घाव. मग पाचवा. पत्रा वाजला, पण तडकला नाही.

चर्चची घंटा झाली. मैदानात कारभारी बसला असेल.

काजं करताना काराकोसाचा हात एकदाच चुकला. दुसरं काज अर्ध्या गव्हाएवढं लांब कापलं गेलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दुसरी पट्टी कापायला वेळ नव्हता. ‘धरेल,’ ती म्हणाली, आणि ती असं म्हणते तेव्हा तिला खात्री नसते, हे ताद्योलोला अठ्ठावीस वर्षांत कळलं होतं.

मोजा पायात चढला, मांडीचा पत्रा आणि वाटी कमरेला बांधली, नडगी बंद झाली. गुंड्या काजांत गेल्या. लांतेल्मो उभा राहिला, खोलीत सहा पावलं टाकली, वळला. नडगी वाटीला लटकून राहिली. ओझं कमरेवर गेलं, पायाच्या पाठीला कड टेकली नाही.

‘हं,’ तो म्हणाला. दारापाशी जाऊन कडी काढताना मागे न बघता बोलला, ‘मी मैदानात पडलो, तर तुम्ही दोघं संध्याकाळचं जेवण करायचं नाही.’

‘ह्यांना नाहीतरी रात्रीचं पचत नाही,’ काराकोसा म्हणाली, पण दार लागल्यावर, आणि अगदी हळू. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

वेर्चेलिना वेशीबाहेरचं मैदान माणसांनी फुललं होतं. भाजलेले चेस्टनट, कोथळ्याचं सार, पाव, सगळं विकायला आलेलं. अरास्मिनोने ताद्योलोला पुढच्या रांगेत ओढलं. काराकोसा मागे जपमाळ घेऊन उभी होती. ताद्योलोला तिचा आवाज येत नव्हता, हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त घाबरवत होती.

लांतेल्मो घोड्यावरून उतरला. उन्हात दोन्ही नडग्या सारख्या चमकल्या. कारभारी मंडपात बसला होता, शेजारी लेखनिक. तो दुसरा कप्तान जरा बाजूला घोड्यावर होता, हातात सफरचंद.

लांतेल्मो चालू लागला.

ताद्योलो मोजत होता. वीस. चाळीस. लोक रुबाब बघत होते, तो घोटा बघत होता. ऐंशी. शंभर. शंभराव्या पावलाला त्याने श्वास सोडला. नडगी जागेवर होती. दीडशे. दुसऱ्या कप्तानाने सफरचंद खायचं थांबवलं.

‘गुडघा टेका,’ कारभारी म्हणाला.

लांतेल्मोने डावा गुडघा टेकला. ताद्योलोने ओठ चावला. उजवा टेकायचा, हे सांगायला तो विसरला होता. गुडघा वाकला, वाटी वळली, आणि त्याला तो बारीक आवाज ऐकू आला. दुसऱ्या कुणालाही आला नसता. कातडं फाटल्याचा. ते लांब काज.

‘उठा.’

लांतेल्मो उठला. नडगी बाहेरच्या अंगाने बोटभर खाली आली. आता सगळं ओझं आतल्या एका गुंडीवर होतं. पंचवीस पावलांवर घोडा होता. लांतेल्मोलाही कळलं असावं. तो थांबला नाही, पण चाल बदलली. त्याने पावलं लांब टाकली आणि डावा पाय जरासा बाहेर फेकायला लागला. लोकांनी खुशीत शिट्या मारल्या. ‘कोंबडा चाललाय बघ!’ शेजारचा ‘टाळकं’ म्हणाला, ‘आता ही चाल सगळे उचलणार.’

‘चूप,’ ताद्योलो म्हणाला.

डावा पाय रिकिबीत. हीच शेवटची गोष्ट होती. सगळं अंग त्या एका पायावर, एका गुंडीवर, आणि काराकोसाच्या एका काजावर उचललं जाणार होतं. बोनेत्तो घोड्याचं तोंड धरून उभा होता. कप्तानाला हात लावायची त्याला बंदी होती, आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळताना ताद्योलोला इथून दिसत होता. लांतेल्मोने खोगीर धरलं. एकदा दबून उसळी घेतली. क्षणभर तो हवेत अडकल्यासारखा राहिला, ना वर ना खाली.

मग उजवा पाय पलीकडे पडला आणि तो खोगिरात बसला.

लेखनिकाने लिहून घेतलं. दुसऱ्या कप्तानाने सफरचंद फेकून दिलं, अर्धं.

त्या संध्याकाळी ताद्योलो आणि काराकोसा जेवले, पण दार उघडं ठेवून. कुणी आलंच तर निदान त्याने ते फोडू नये. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कप्तान वाचला होता. पण वाचलेल्या कप्तानाला दोन साक्षीदार कशाला हवेत, हा विचार ताद्योलोच्या पोटरीत गोळा येतो तसा अचानक यायचा आणि जायचा नाही. काराकोसाला तो आल्याचं कळायचं. ‘चोळू का?’ ती विचारायची.

नवव्या दिवशी दारात बोनेत्तो उभा राहिला. दार पुन्हा एकदा भरलं. त्याच्या काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

‘बाई घरात आहेत?’

‘आहे,’ काराकोसा आतून म्हणाली आणि पुढे आली. हातात कात्री होती. ताद्योलो मधे उभा राहिला. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की आपण मधे उभे राहिलो.

बोनेत्तोने गुंडाळी बाकावर ठेवली. ‘कप्तानांना आणखी एक जोडी हवीय. रोजच्या वापराची.’ थोडं थांबून म्हणाला, ‘गुंड्यांची. काजं मात्र दुहेरी कातड्याची करा म्हणालेत.’ आणि गेला.

ताद्योलोने कापड सोडलं. आत दोन मोजे होते. एक उजवा. दुसऱ्याला लाल दोरा होता, आणि तो पोटरीपाशी हाताच्या बाहीएवढा अरुंद होता.

त्यात कोंडा भरायला दोन मुठी पुरल्या.

पुढच्या दोनतीन वर्षांत अख्ख्या गल्लीने नडग्या गुंड्यांनी वाटीला टांगायला सुरुवात केली. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. लांतेल्मोच्या आहेत म्हणून. काही तरुण डावा पाय बाहेर फेकून चालायलाही लागले. अरास्मिनो नव्या गिऱ्हाइकांना संत अलोच्या आणेची गोष्ट सांगायचा, दर वेळी आज्याच्या मागे आणखी एक पिढी घालून. ताद्योलो मरेपर्यंत दोन्ही मोजे भरत राहिला. बापाची रीत मोडली म्हणून ‘छाती’ने टोमणा मारला, तर तो म्हणायचा, ‘बाप देवावर फार विसंबून होता.’

लाल दोऱ्याचा तो अरुंद मोजा मात्र तुळईला कधी टांगलेला दिसला नाही. साचा निघाला त्याच दिवशी काराकोसाने तो कुठेतरी नाहीसा केला. कुठे, ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. आणि ती तर बोलायची फार.